हेच आमंत्रण समजावे

मराठी लग्नपत्रिकेच्या तळाशी, आप्तेष्टांच्या नावांची रांग संपली की बारीक टायपात एक ओळ बहुतेक वेळा सापडते. घाईगर्दीत किंवा नजरचुकीने आमंत्रण द्यायचे राहून गेले असल्यास हेच अगत्याचे आमंत्रण समजून अवश्य यावे, अशा अर्थाची. पत्रिका हातात धरलेल्या माणसालाच ती सांगते की आमंत्रण बहुधा राहून गेले आहे. ही ओळ ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या छापून घेतली त्यांना त्यात काही विसंगत वाटले नाही, कारण त्यांच्या हिशेबी पत्रिका म्हणजे आमंत्रण नव्हतेच. पत्रिकेत तिथी, मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता. आमंत्रण म्हणजे घरच्या जोडप्याने उन्हातान्हात दारी येणे, कुंकू लावणे, अक्षता देणे आणि आतल्या खोलीत पडून असलेल्या आजोबांपाशी जाऊन ‘तुम्ही यायचंच’ असे वेगळे सांगणे. जिथे जाणे जमायचे नाही तिथे पत्रिका पोस्टाने जायची आणि ती तळची ओळ न आल्याबद्दल माफी मागायची.

आता पत्रिका मोबाइलवर येते. मागे सनई वाजते, फुले उमलतात, आणि एका स्पर्शात ती चारशे घरी पोचते. ‘मोबाइलवर आलंय, पण बोलावणं कुठे आलंय?’ असे विचारणाऱ्या काकूंना काळाचे भान नाही, असे घरातली तरुण मंडळी म्हणतात. काकूंची तक्रार मात्र नीट ऐकून घेण्यासारखी आहे. मजकुरात काही कमी नाही, उलट नकाशासुद्धा जोडलेला आहे. त्यांना कळत नाही ते एवढेच, की त्या घरात कुणी आपली आठवण काढली, की आपला नंबर फक्त यादीत होता.

याचा संबंध शब्दांच्या नावीन्याशी नाही, हे जुन्या मराठी पत्रांकडे पाहिले की पटते. ती पत्रे जवळजवळ ठशाची असत. वडिलांना ‘तीर्थरूप’, मुलाला ‘चिरंजीव’, मग ‘साष्टांग नमस्कार वि. वि.’, मग ‘पत्रास कारण की’, मग ‘इकडील सर्व क्षेम’, आणि शेवटी थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. कोणाला कोणता मायना लावायचा हे शाळेत शिकवले जाई, आणि चुकला तर मार्क जात. सगळ्यांची पत्रे एकसारखी म्हणून कुणी कुणाच्या मायेवर शंका घेतली नाही. तारखात्याने तर याही पुढची सोय केली होती. दिवाळीचे, लग्नाचे, परीक्षेतल्या यशाचे ठरावीक शुभेच्छा-मजकूर छापून ठेवलेले असत आणि प्रत्येकाला क्रमांक असे. पाठवणारा फॉर्मवर नुसता आकडा लिही, दुसऱ्या टोकाला त्या आकड्याचे वाक्य होई. २०१३च्या जुलैत तारसेवा बंद पडेपर्यंत कितीतरी नवराबायकोंनी त्या तारा लग्नाच्या अल्बमात जपून ठेवल्या होत्या. वाक्य तारखात्याचे होते. तार ऑफिसात जाऊन रांगेत उभे राहणे आणि तारेचे पैसे मोजणे मात्र मामाचे होते, आणि भाचीला ते ठाऊक होते.

याहून अवघड उदाहरण मुंबईच्या जीपीओच्या, म्हणजे मुख्य टपाल कचेरीच्या, बाहेर बसणाऱ्या पत्रलेखकांचे. विजापूरच्या गोलघुमटावरून घुमट बेतलेली ती भव्य इमारत १९१३मध्ये पुरी झाली. तिच्यासमोर ताडपत्रीच्या आडोशाला हे लोक टेबल मांडून बसत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रे लिहीत, मनीऑर्डरचे फॉर्म भरून देत, पार्सले कापडात शिवून त्यांवर लाख लावत. गिरण्यांच्या मुंबईत कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून आलेला कामगार एकटा राही, घर गावाला. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली छोटी चिठ्ठी जोडलेली असे. चार ओळी मावतील एवढीच जागा. पोस्टमन गावात पैसे मोजून देताना ती चिठ्ठी फाडून हातात ठेवी. ती लिहिलेली परक्याने, आणि गावातही बऱ्याचदा ती वाचून दाखवणारा परकाच, म्हणजे मास्तर किंवा खुद्द पोस्टमन. अक्षर नवऱ्याचे नाही, वाक्यरचना नवऱ्याची नाही, आणि बायकोच्या कानावर पडणारा आवाजही त्याचा नाही. एवढे सगळे उसने असूनही ते पत्र खोटे ठरले नाही.

का ठरले नाही, हे आज विचारायची वेळ आली आहे. कारण पत्रे लिहून देणारा नवा लेखनिक आता प्रत्येकाच्या खिशात आहे आणि तो पैसेही मागत नाही.

फरक कुठे पडतो ते अमेरिकेतल्या एका प्रकरणात उघड दिसले. इराक आणि अफगाणिस्तानातली युद्धे चालू असताना, २००४च्या अखेरीस, एक गोष्ट बाहेर आली. मारल्या गेलेल्या सैनिकांच्या घरी संरक्षणमंत्री डोनल्ड रम्सफेल्ड यांच्या नावाने जाणाऱ्या सांत्वनपत्रांवरची सही यंत्राने केलेली होती. अशी पत्रे तोवर हजाराच्या वर गेली होती. सहीचे यंत्र अमेरिकी सरकारात नवे नव्हते. अध्यक्षांच्या कचेऱ्यांत ते कितीतरी वर्षांपासून वापरात आहे. अभिनंदनाच्या, आभाराच्या, शाळकरी मुलांच्या पत्रांना त्याच सहीने उत्तरे जात आणि कुणाची तक्रार नसे. सांत्वनाच्या पत्रावर ती दिसताच आईवडील संतापले. रम्सफेल्ड यांनी खुलासा केला की मजकूर आपणच ठरवला होता, आणि घरच्यांना पत्र लवकर मिळावे म्हणून यंत्राचा उपयोग झाला. यापुढे प्रत्येक पत्रावर आपण स्वतः सही करू, असेही त्यांनी जाहीर केले.

त्यांचा खुलासा प्रामाणिक धरला तरी तो भलत्याच प्रश्नाचे उत्तर देतो. घरच्यांना पत्राची घाई नव्हती. बातमी त्यांना आधीच, दारात उभ्या राहिलेल्या गणवेशातल्या माणसांनी दिली होती. आपल्या मुलाला युद्धावर पाठवणाऱ्या माणसाने त्याचे नाव एकदा तरी नजरेखालून घातले की नाही, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. सही करायला काही सेकंद लागतात. पण ती करताना कागद समोर असतो, कागदावर नाव असते, आणि ते वाचल्याशिवाय हात पुढे सरकत नाही. हजार सह्या म्हणजे हजार नावे. हा भार ज्याने उचलायला हवा होता तो एका यंत्रावर टाकला गेला, ही त्या घरांची खरी तक्रार होती, आणि ती शंभर टक्के रास्त होती.

मग हाताने लिहिले की प्रश्न सुटतो का? पाच वर्षांनी ब्रिटनमध्ये नेमके उलटे घडले. पंतप्रधान गॉर्डन ब्राउन अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या सैनिकांच्या घरी स्वतःच्या हाताने संपूर्ण पत्र लिहीत. शाळकरी वयात रग्बी खेळताना झालेल्या दुखापतीने त्यांचा डावा डोळा गेला होता, उजवाही पूर्ण चांगला नव्हता. त्यामुळे ते जाड काळ्या पेनाने, मोठ्या आणि वेड्यावाकड्या अक्षरात लिहीत. नोव्हेंबर २००९मध्ये एका वीस वर्षांच्या सैनिकाच्या आईला आलेल्या अशाच पत्रात तिच्या आडनावातले अक्षर चुकलेले दिसले, आणखीही काही शब्द चुकल्यासारखे वाटत होते. ती आई दुखावली. आपल्या मुलाच्या मरणाची किंमत एवढीच का, असे तिला वाटले. ब्राउन यांनी तिला फोन केला. ते संभाषण तिने ध्वनिमुद्रित केले आणि ‘द सन’ या वृत्तपत्राने ते छापले. देशभर गदारोळ झाला.

या प्रकरणात दोन्ही बाजू समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ब्राउन यांची पहिली मुलगी जन्मल्यावर अवघ्या दहा दिवसांत, २००२च्या जानेवारीत, गेली होती. मूल जाणे म्हणजे काय हे त्या माणसाला पुस्तकातून शिकायचे नव्हते. अर्ध्या दृष्टीने, पंतप्रधानपदाच्या दिवसातून वेळ काढून, टंकलेखकाचा आधार न घेता त्याने लिहिले. कष्ट हेच मोजमाप मानले तर रम्सफेल्ड यांच्या नावाने गेलेली हजार पत्रे एका पारड्यात घातली तरी हे एक पत्र जड भरेल. तरीही त्या आईच्या बाजूने पाहिले तर तिला तो डोळा दिसत नव्हता, आणि तो पेन धरलेला हातही दिसत नव्हता. तिला दिसत होते फक्त चुकलेले आडनाव. तिच्या मुलाच्या गणवेशावर तेच आडनाव होते. लिहिणाऱ्याचे कष्ट कागदावर आपोआप उतरत नाहीत. कागदावर उतरतात ती त्या कष्टांतून झालेली कामे, आणि त्यांतले पहिले काम म्हणजे समोरच्याचे नाव नीट लिहिणे.

मानसशास्त्रज्ञांनी या विषयाची एक वेगळी बाजू तपासली आहे. जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना एकच कविता वाचायला दिली. काहींना सांगितले, कवीला ती लिहायला चार तास लागले; इतरांना सांगितले, अठरा तास लागले. अठरा तासवाल्यांना ती अधिक चांगली वाटली. म्हणजे वेळेचा नुसता आकडा कानावर पडला तरी वाचणाऱ्याचा डोळा बदलतो. या ओढीचा धंदाही होतो. अमेरिकेत यंत्राच्या हातात खरेखुरे बॉलपेन देऊन ‘हस्तलिखित’ पत्रे शेकड्याने लिहून देणाऱ्या कंपन्या आहेत. २०२२च्या नोव्हेंबरात बॉब डिलन यांच्या नव्या पुस्तकाच्या सुमारे नऊशे प्रती ‘लेखकाच्या हस्ताक्षरातील सहीसह’ म्हणून ५९९ डॉलरला एक याप्रमाणे विकल्या गेल्या. विकत घेणाऱ्यांनी आपापल्या सह्यांची छायाचित्रे एकमेकांना दाखवली तेव्हा त्या यंत्राच्या असल्याचे उघडकीस आले. प्रकाशकांनी पैसे परत केले. डिलन यांनी आजारपणाचे कारण सांगून माफी मागितली. पैसे परत देता आले, कारण तिथे फसवणूक पैशातच मोजता येत होती. सांत्वनाच्या पत्रात असे काही परत देता येत नाही.

यंत्राने लिहिलेल्या सांत्वनाचे उदाहरण लांब शोधावे लागत नाही. फेब्रुवारी २०२३मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार होऊन तीन विद्यार्थी मारले गेले. त्यानंतर दुसऱ्या राज्यातल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या पीबॉडी कॉलेजमधून विद्यार्थ्यांना एक ईमेल गेला. एकमेकांची काळजी घ्या, एकत्र या, असे चांगले चांगले त्यात लिहिले होते. तळाशी, कंसात, तो मजकूर चॅटजीपीटीकडून आल्याची नोंद होती. विद्यार्थी बिथरले आणि कॉलेजला माफी मागावी लागली. त्या ईमेलातला सल्ला चुकीचा नव्हता, आणि नोंद टाकण्याइतका प्रामाणिकपणाही लिहिणाऱ्यांकडे होता. तरी ते पत्र जागच्या जागी निर्जीव झाले. काळजी घ्या असे सांगणाऱ्यांनी त्या वाक्याचीही काळजी घेतली नव्हती.

पुढच्याच वर्षी, पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी, गूगलने एक जाहिरात दाखवली. एका लहान मुलीला अडथळ्यांच्या शर्यतीतली धावपटू सिडनी मॅकलॉफलिन-लेव्हरोन फार आवडते, आणि तिला पत्र लिहायचे आहे. बाप म्हणतो, मला शब्द बरे जमतात, पण हे अगदी नेमके जमायला हवे. आणि तो जेमिनी या यंत्राला पत्र लिहायला सांगतो. लोकांना हे इतके खटकले की गूगलने ती जाहिरात ऑलिंपिकच्या प्रसारणातून मागे घेतली. मुलीने लिहिलेले पत्र कसे झाले असते? चार ओळी, त्यांत दोन चुका, कदाचित शेजारी धावणाऱ्या बाईचे चित्र. त्या खेळाडूला सुबक इंग्रजीतली स्तुती रोज मिळत असणार. तिला न मिळालेली गोष्ट या मुलीकडेच होती, आणि बापाने तीच काढून घेतली.

आता पुन्हा जीपीओसमोरचा तो लेखनिक आठवावा. त्यानेही दुसऱ्याचे पत्र लिहिले. पण त्याच्यासमोर गिऱ्हाईक बसलेले असे. ‘काय लिहू?’ असे तो विचारी, आणि मग गिऱ्हाइकाला बोलावे लागे: विहिरीचे पाणी आटले का, धाकट्याचा ताप उतरला का, म्हशीचे काय झाले. मजकूर कामगाराकडून यायचा, लेखनिकाकडून फक्त अक्षर आणि मायना. लिहून झाले की तो वाचून दाखवी, आणि ऐकणारा मध्येच अडवून म्हणे, हे नको, एवढं काढा, घरी काळजी करतील. अख्ख्या पत्रातली सर्वांत मोलाची ओळ बहुधा हीच, काढून टाकलेली. जाहिरातीतल्या बापाने आणि त्या कॉलेजच्या कचेरीने लेखनिकाकडे मजकूरच मागितला. काय सांगायचे आहे हे ठरवण्याचे कामसुद्धा त्याच्यावर सोपवले. पत्रातला वेळ जातो तो मुख्यतः याच कामात. बोटे टंकायला फार वेळ घेत नाहीत. वेळ घेते ते त्या माणसाला डोळ्यांसमोर आणून, त्याला आज काय ऐकायला बरे वाटेल आणि काय लागेल, हे ठरवणे.

मराठीत असा वेळ देणाऱ्यांमध्ये जी. ए. कुलकर्णी यांच्याइतके ठळक नाव दुसरे नाही. धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवणारा हा कथाकार समारंभांपासून लांब राही, माणसांना भेटायचे टाळी, आणि ज्यांना भेटायचे टाळी त्यांनाच पानेच्या पाने पत्रे लिही. त्या पत्रांचे निवडक खंड मौज प्रकाशनाने काढले. त्यांत सुनीता देशपांडे यांना लिहिलेली पत्रे आहेत, आणि सुनीताबाईंची त्यांना गेलेली पत्रे ‘प्रिय जी. ए.’ या नावाने वेगळी प्रसिद्ध झाली. दोन्ही बाजू शेजारी ठेवून वाचल्या की लक्षात येते, ही पत्रे एकमेकांना अदलाबदलीने पाठवता आली नसती. एकाला लिहिलेल्या पत्रावर दुसऱ्याचे नाव घातले तर ते चालणार नाही, कारण आधीच्या पत्रातल्या एखाद्या शब्दाला, एखाद्या पुस्तकाबद्दलच्या मताला, एखाद्या रुसव्याला ते उत्तर असते. जीएंनी वेळ दिला हे पानांच्या संख्येवरून कळत नाही. आलेले पत्र त्यांनी किती नीट वाचले होते, यावरून कळते.

साने गुरुजींची ‘सुंदर पत्रे’ याच कसोटीला दुसऱ्या वाटेने उतरतात. ती त्यांनी पुतणीला, सुधाला लिहिली, आणि मग महाराष्ट्रातल्या घराघरांतल्या मुलांनी वाचली. हजारोंनी वाचूनही ती परकी झाली नाहीत. एका मुलीला समोर बसवून लिहिलेले सगळ्यांना आपले वाटले. आणि सगळ्यांना एकाच वेळी पाठवलेले, प्रत्येकाच्या नावाने सुरू होणारे पत्र कुणालाच आपले वाटत नाही. बँका, मोबाइल कंपन्या आणि निवडणुकीतले उमेदवार यांचे वाढदिवसाचे संदेश वाचताना हे रोज अनुभवाला येते. त्यांत नाव अगदी बरोबर असते.

व्हॉट्सअॅपच्या गटात कुणाच्या निधनाची बातमी येते तेव्हा पहिल्या तासात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ पन्नास वेळा पडते. त्या शब्दांना हसू नये. ‘तीर्थरूप’सारखाच तो मायना आहे, आणि दुःखाच्या वेळी मायन्याचा आधार लागतोच. पण पूर्वी मायन्यानंतर पत्र सुरू होई. गेलेल्या माणसाने आपल्याला उसने दिलेले पुस्तक, त्याच्याकडे खाल्लेले थालीपीठ, बदलीच्या गावी त्याने शोधून दिलेली खोली, असे काही तरी त्यात असे. घरच्यांना माहीत नसलेला त्या माणसाचा एखादा तुकडा असा त्यांच्याकडे परत जाई. आज मायना पाठवून पत्र तिथेच संपते, आणि ते फार मोठे नुकसान आहे. दोन वाक्ये जास्त लिहायला फोनवर अडचण काहीच नाही.

यंत्राची मदत घेण्यातही अडचण नाही, जर ती जीपीओसमोर घेतली जाई तशी घेतली तर. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये वाढलेल्या कितीतरी मराठी मुलांना बोलता येते, देवनागरी लिहिता येत नाही. ती आजीला रोमन अक्षरांत लिहीत, आणि आजीला ते वाचायला नातवंडांपैकी दुसऱ्या कुणाला तरी बोलवावे लागे. आता ती तोंडाने बोलतात आणि फोन देवनागरीत उतरवून देतो. त्यात ‘मी आली’ आणि ‘तुझा आठवण’ तसेच राहते, कारण बोलणे त्यांचे आहे. कोणी हौसेने तो मजकूर यंत्राकडून शुद्ध करून घेतो, आणि मग आजीला कॅलेंडरच्या मागे छापतात तसे मराठी येते. आजी तेही वाचते, आणि फोन करून विचारते, ‘बाळा, हे तू लिहिलंस का रे?’ उत्तर हो आले की मग ती दुसरे विचारते: त्यात गुडघ्याचे कसे काही विचारले नाहीस, मागच्या खेपेला सांगितले होते ना.